विल्फ स्टॅनर्डची चिकटपट्टी

मार्लसीच्या किनाऱ्यावर कुणी खड्डा केला आणि न बुजवता निघालं, तर विल्फ स्टॅनर्ड त्याच्यामागे पार बसथांब्यापर्यंत चालत जायचा.

"अहो साहेब, तुमचं काहीतरी राहिलं मागे."

तो बिचारा खिसे चाचपायचा. किल्ल्या आहेत, पाकीट आहे. "काय राहिलं हो?"

"खड्डा."

आणि माणूस परत येऊन खड्डा बुजवेपर्यंत विल्फ तिथून हलायचा नाही. लोक हसायचे, चिडायचे, पण बुजवायचे. उंचपुरा, कमरेत थोडा वाकलेला, डोक्यावर बेरिलनं विणलेली करड्या लोकरीची टोपी, कानांवर ते मोठे हेडफोन, हातात लांब दांड्याचं धातू शोधायचं मशीन आणि गळ्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेला नगरपालिकेचा परवाना, असा हा माणूस एकोणचाळीस वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा बघून जगला. परवाना कुणी कधी मागितला नाही. गावात त्याला न ओळखणारं होतं कोण? पण घातल्याशिवाय तो वाळूत पाय ठेवायचा नाही. नाकासमोर चालणारा माणूस!

त्या नियमांचीही गंमतच आहे. पहिल्या दोन वर्षांत मार्लसीत नियमबियम काही नव्हते. कुणीही यावं, मशीन फिरवावं, वाळू उकरावी. मग एकदा डचेसचा पाय एका खड्ड्यात गेला. डचेस म्हणजे किनाऱ्यावर लहान मुलांना पाठीवर फिरवणारी गाढवीण, गावाची लाडकी. पाय मुरगळला तर केवढा गहजब! शाळेतल्या मुलांनी गाजरं पाठवली, आणि नगरपालिकेनं नियम केले. परवाना गळ्यात हवा. ईस्टरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मशीन वाळूत आणायचं नाही. गवताच्या टेकाडांवर जायचं नाही, तिथे पक्षी अंडी घालतात. खड्डा बुजवायचा. आणि सोन्याचांदीचं काही सापडलं, तर त्याच दिवशी हापिसात जमा करून पावती घ्यायची. बाकीच्या हौशी लोकांनी कुरकुर केली. विल्फनं तो कागद घरी नेऊन चहाच्या डब्यांच्या वर भिंतीला लावला.

"देवाच्या दहा आज्ञा लावल्या असत्यास तर बरं झालं असतं," बेरिल म्हणाली होती. बेरिल म्हणजे त्याची बायको. "त्या तरी वाचायला सोप्या आहेत."

हा इतका खटाटोप कशासाठी, असं विल्फला विचारलं की तो म्हणायचा, "हौस हो." लोकांना ते पटायचं. खरं कारण फक्त बेरिलला ठाऊक होतं आणि ती त्याविषयी एक अक्षर बोलत नसे.

ते कारण होतं शहात्तर सालच्या उन्हाळ्यातलं.

काय उन्हाळा होता तो! त्या वर्षी पाऊस जणू आमचा पत्ताच विसरला. हिरवळी करपून पिवळ्या पडल्या, नळाला पाणी येईना, आणि अख्खा देश उठून समुद्रावर आला. मार्लसीची वाळू दिसत नव्हती, एवढी माणसं. बँडवाले कोट काढून वाजवत होते. कागदाच्या पुडीतले गोगलगाईसारखे शिंपले टाचणीनं काढून खात म्हातारे धक्क्यावर बसायचे. चिप्सवर टाकलेल्या व्हिनेगरचा वास थेट स्टेशनपर्यंत यायचा. आणि आपला विल्फ होता पंचवीस वर्षांचा, अंगात मळका पांढरा कोट, किनाऱ्यावर कापडी आरामखुर्च्या भाड्यानं देणाऱ्या पिल्ब्रोसाहेबाचा नोकर. त्याच्या जोडीला हर्बी गुडरम, बेरिलचा थोरला भाऊ. विल्फचं आणि बेरिलचं लग्न होऊन वर्षच झालं होतं, आणि ते जमवलंही हर्बीनंच. "आमची बेरिल तुझ्याकडे बघते रे, बावळटा. तू काय खुर्च्याच मोजत बसणार का?" असं म्हणून त्यानं विल्फला नाचाच्या हॉलमध्ये ढकललं होतं.

दोघांच्या ताब्यात सहाव्या आणि सातव्या बांधामधली वाळू होती. लाटा अडवायला समुद्रात शिरलेले हे लाकडी बांध, त्यांना आमच्याकडे आकडे आहेत. काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. भरती चढायला लागली की पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या झटपट मिटायच्या, चार-चार बगलेत मारायच्या आणि मागे नेऊन मांडायच्या. हर्बी तर एका झटक्यात खुर्ची मिटवायचा. बायका टाळ्या वाजवायच्या आणि तो वाकून सलाम करायचा. नुसता खोडकर! त्याच्या हसण्याचा आवाज तिसऱ्या बांधापर्यंत जायचा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी एक नवी नवरी रडत पिल्ब्रोसाहेबाच्या टपरीत आली. अंगाला तेल लावताना तिनं लग्नाची अंगठी काढून खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवली होती. नवऱ्याबरोबर पाण्यात डुंबायला गेली, परत येऊन बघते तर खुर्ची नाही आणि अंगठीही नाही. पातळशी सोन्याची अंगठी, आत कोरलेलं, 'डी आणि एम, १२ जून ७६'. ती खुर्ची मिटवली होती हर्बीनं.

नवरा-नवरी, विल्फ आणि हर्बी, चौघांनी वाळू चाळली. पाणी वर आलं. काही मिळालं नाही. पिल्ब्रोसाहेबानं हर्बीला खिसे उलटे करायला लावले. खिशात एक शिटी, अर्धी पेन्सिल आणि डचेससाठी ठेवलेला साखरेचा खडा. मग साहेब विल्फकडे वळला.

"स्टॅनर्ड, तुझा मेहुणा आहे हा. तू तर बाजूलाच होतास. घेतली असेल का यानं?"

हर्बी विल्फकडे बघून हसत होता. आता विल्फ साहेबाला काय सुनावतो, याची वाट बघत होता.

विल्फ म्हणाला, "मी पाहिलं नाही, साहेब."

बस्स. एवढंच बोलला. खोटं नव्हतं ते, त्यानं खरंच पाहिलं नव्हतं. पण हर्बीचं हसू तिथल्या तिथे मावळलं. त्यानं पांढरा कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि निघून गेला. चोरीच्या संशयावरून भर हंगामात कोट उतरवलेल्या माणसाला गावात कोण काम देणार? तो उत्तरेकडच्या बंदरात मासेमारीच्या बोटीवर लागला. पुढे पंधरा वर्षांनी परतला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला खाडीपाशी डांबर फासलेल्या पडवीत हेरिंग मासळीला धुरी देऊन विकायला लागला. पण बहिणीच्या घराची पायरी त्यानं पुन्हा चढली नाही. ना नाताळला, ना बेरिलच्या आईच्या मयतानंतरच्या चहाला.

अंगठी हरवली त्या रात्री विल्फ घरी आल्यावर बेरिलनं सगळं ऐकून घेतलं होतं. तिनं विचारलं, "आणि तू गप्प बसलास?"

"गप्प कुठे बसलो? खरं तेच सांगितलं."

"आमचा हर्बी कुणाची अंगठी घेणार नाही, हे खरं नव्हतं का?"

यावर विल्फला उत्तर सुचलं नाही. तीन वर्षांनी एका मासिकात त्यानं धातू शोधायच्या मशीनची जाहिरात पाहिली आणि वाटलं, हेच आपलं उत्तर. अंगठी शोधून काढायची, हर्बीच्या हातावर ठेवायची, की सगळं पहिल्यासारखं होईल. बेरिल हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

पहिला उन्हाळा त्याचा कड्यांनी खाल्ला. तेव्हा बियरच्या आणि सरबताच्या डब्यांची कडी ओढली की झाकणाच्या जिभेसकट हातात यायची, आणि लोक ती सरळ वाळूत टाकायचे. शहात्तर सालात तर तहानेनं वेडी झालेली माणसं! सहाव्या आणि सातव्या बांधामध्ये माणसं जास्त बसली होती की कड्या जास्त पडल्या होत्या, सांगता येणार नाही. मशीन बीप करायचं, विल्फ गुडघे टेकून उकरायचा आणि हाती यायची कडी. दिवसाला दीडशे. कंबर गेली. पोरीबाळी विचारायच्या, "काका, आज किती डबे प्यायलात?"

त्यातून पुढे नवं मशीन आलं, त्याला एक चकती होती. ती फिरवली की मशीन हलक्या भंगाराकडे कानाडोळा करायचं. विल्फनं एक कडी वाळूत पुरली, तिच्यावर मशीन गप्प होईपर्यंत चकती फिरवली, आणि पुन्हा हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली. काय सुटला बिचारा! कडीबिडी गेली, आता फक्त कामाचं तेवढं वाजणार. पुढे मशीन बदललं, त्यावरही पहिल्या दिवशी तीच खूण, तीच चिकटपट्टी. दर वसंतात जुनी पट्टी काढून नवी लावायची, हा त्याचा नेम झाला.

आणि सापडलंही पुष्कळ. राणीच्या लहानपणीची नाणी, चमचे, मोटारींच्या किल्ल्या, कुणाची तरी पुढच्या चार दातांची कवळी, जाडजूड पुरुषी अंगठ्या दोन. सगळं हापिसात जमा, पावती घरी. कवळीचा मालक नाताळला त्याला केक पाठवायचा. शेजारी म्हणायचे, विल्फच्या नजरेतून काही सुटत नाही. बाईमाणसाची पातळ अंगठी मात्र एकही नाही. त्याला वाटायचं, समुद्रानं नेली असेल. तरी दर ओहोटीला तो सातव्या बांधापाशी जायचाच.

रविवारी बेरिल एकटीच खाडीकडे जायची. जाताना टोपलीत वाटाण्याचं सारण भरून भाजलेले पॅटिस, येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हेरिंग. एकच. ती मोहरी लावून, उकडलेल्या बटाट्याबरोबर ती खायची आणि समोर विल्फ आपलं उकडलेलं अंडं सोलत बसायचा. पंचवीसहून जास्त वर्षं दर रविवारी संध्याकाळचं जेवण हे असं. तक्रार करायला तोंड होतं कुठे त्याला?

"कसा आहे?" तो विचारायचा.

"बरा आहे. खोकतो."

"माझं काही विचारलं?"

"नाही."

अशी वर्षं गेली. पिल्ब्रोसाहेब गेला, आरामखुर्च्या गेल्या, बँड गेला, डचेस तर केव्हाच गेली. कड्याही गेल्या, डबे आता नव्या तऱ्हेचे यायला लागले. विल्फ सदुसष्ट वर्षांचा झाला. मग परवाच्या मार्चमध्ये पूर्वेकडून असं वादळ आलं की विचारू नका. तीन दिवसांत किनाऱ्यावरची सगळी वाळू ओढून नेली, बांधांचे पाय उघडे पडले, खाली निळी चिकणमाती दिसायला लागली. म्हातारी माणसं बघायला आली. अशी माती त्यांनीही पाहिली नव्हती.

आठवड्याभरात धक्क्यावर नगरपालिकेची सूचना लागली. ईस्टरच्या शुक्रवारपासून किनारा बंद. जहाजानं वाळू आणून पुरुषभर थर टाकणार, आणि त्यानंतर तिथे मशीन लावायला कायमची बंदी. सगळे परवाने गुरुवारी संध्याकाळपर्यंत हापिसात परत करावेत.

विल्फ ती सूचना वाचून घरी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "संपलं, बेरिल. पुरुषभर वाळू. आता मशीनच्या बापालाही ऐकू येणार नाही."

"बस. चहा घे."

"तीन दिवस राहिले."

बेरिल खण आवरत होती, परवान्यासोबत जुन्या पावत्याही द्यायच्या का ते बघायला. पावत्यांच्या खाली मशीनचं माहितीपुस्तक निघालं. कोरं करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. तिनं चष्मा लावला.

"हे तू कधी वाचलंस का रे?"

"त्यात काय वाचायचंय? चालू करायचं, फिरवायचं."

ती वाचत राहिली. मग तिचा हात थांबला. "विल्फ, ती तुझी चिकटपट्टी कशासाठी आहे?"

"कड्यांसाठी. माहीत नाही का तुला?"

"ऐक, काय लिहिलंय. 'सोनं शोधायचं असल्यास चकती शून्यावर ठेवावी. डब्यांच्या कड्या आणि सोन्याच्या पातळ अंगठ्या यांचा आवाज एकच असतो. कड्या गाळल्यास अंगठ्याही गाळल्या जातात.'"

विल्फनं पुस्तक ओढून घेतलं, तेच वाक्य बोट ठेवून दोनदा वाचलं. हजार वेळा त्या मातीवरून गेला असेल तो! मशीननं सांगितलं असतं, यानंच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं. चकतीवाल्या पहिल्या मशीनच्या पुस्तकातही हेच असणार, तेही त्यानं उघडलं नव्हतं.

"अगं, मी किती मोठा गाढव!"

"डचेस हुशार होती," बेरिल म्हणाली, आणि तिनं त्याच्या टोपीवरून हात फिरवला.

बुधवारी सकाळच्या ओहोटीला विल्फनं चिकटपट्टी ओरबाडून काढली. मशीन नुसतं कोकलायला लागलं. दर पावलाला बीप. शहात्तर सालातला तो सगळा तहानलेला उन्हाळा त्या निळ्या मातीत तसाच बसला होता. त्या दिवशी एकशे ऐंशी कड्या निघाल्या. प्रत्येक कडीबरोबर त्याला काहीतरी आठवत होतं. हा साहेबाच्या टपरीचा कोपरा, इथे हर्बी वाकून सलाम करायचा, इथे बेरिल दुपारचं सँडविच घेऊन यायची, पायातली चप्पल हातात धरून. कंबर दुखत होती आणि डोळे भरत होते. पण एकही खड्डा त्यानं उघडा ठेवला नाही.

गुरुवारी, अकरा वाजून गेल्यावर, सातव्या बांधाच्या चौथ्या खांबापाशी, एकशे बाराव्या बीपला त्यानं मातीचा गोळा हातात फोडला आणि त्यात पिवळं काही दिसलं. सोनं काळं पडत नाही हो. थुंकी लावून आतून पुसलं. 'डी आणि एम'.

मोठ्यानं ओरडला तो. ऐकायला एक कुत्रं होतं. मग मशीन खांद्यावर टाकलं आणि सुटला. नियम सांगतो, आधी हापिसात. उभ्या जन्मात त्यानं नियम मोडला नव्हता. आज हापिसाच्या दारावरून सरळ पुढे गेला आणि खाडीची वाट धरली.

हर्बी पडवीत सळईवर मासे ओवत होता. केस पांढरे, हात धुरानं तांबूस. त्यानं वर पाहिलं. "बेरिलला काही झालं का?"

"नाही नाही. बरी आहे." विल्फला धाप लागली होती. त्यानं मूठ उघडली. "हे बघ. सापडली. सातव्या बांधापाशी, मातीत. तू घेतली नव्हतीस!"

हर्बीनं हात फडक्याला पुसले, अंगठी उचलून उजेडात धरली. आतली अक्षरं वाचली.

"किती वर्षं शोधलीस?"

"एकोणचाळीस," विल्फ म्हणाला. आणि खरं सांगायचं तर थोडा ताठ होऊन म्हणाला.

"एकोणचाळीस." हर्बीनं मान हलवली. "म्हणजे एकोणचाळीस वर्षं तुला खात्री नव्हती."

विल्फनं मशीन खांद्यावरून खाली ठेवलं.

"बेरिलनं शोधली का एक दिवस तरी?"

"नाही."

"का नाही शोधली?"

का ते विल्फला माहीत होतं. त्या रात्रीपासून माहीत होतं. तिला मशीनची गरज नव्हती. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "हर्बी, माझं चुकलं. मी 'पाहिलं नाही' म्हणालो. 'हा घेणार नाही' असं म्हणायला हवं होतं. साहेबाची भीती वाटली मला. नोकरीची भीती वाटली."

"हे सांगायला वाळू कशाला उकरायला हवी होती रे? बेरिलबरोबर कुठल्याही रविवारी यायचं होतंस."

"मला वाटलं, रिकाम्या हातानं कसं यायचं."

"मी वाट बघायचो," हर्बी म्हणाला. "सुरुवातीला प्रत्येक रविवारी. टोपलीमागे कोण आहे ते बघायचो."

विल्फ खाली बसला, माशांच्या खोक्यावरच, आणि लहान पोरासारखा रडला. हर्बी त्याच्याकडे न बघता सळईवर मासे ओवत राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हापिसात दाखवलीस का?"

"नाही. आधी इकडेच आलो."

"अरे वा! आणि खड्डा? बुजवलास?"

विल्फनं डोळे पुसले. आठवून बघितलं. "नाही."

"नाही?" हर्बीचे खांदे हलायला लागले. "विल्फ स्टॅनर्डनं खड्डा उघडा टाकला?" आणि तो हसायला लागला, तेच हसू, तिसऱ्या बांधापर्यंत जाणारं. हसता हसता खोकला लागला, तरी थांबेना.

मग त्यानं धुरीतून मासळी काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुडकं विल्फच्या हातात कोंबलं. "पाच वाजता हापीस बंद होतं. पळ."

विल्फनं आधी खड्डा बुजवला. भरतीनं तो तासाभरात बुजलाच असता, पण तरी बुजवला. मग हापिसात अंगठी दिली, परवाना दिला, पावती घेतली. परवान्याची दोरी गळ्यातून काढताना मान हलकी हलकी वाटत होती.

घरी बेरिलनं पावती वाचली. एकदा वाचली आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिली. "हर्बीला दाखवलीस?"

"दाखवली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, रविवारी तुझ्याबरोबर यायला हवं होतं मी. त्या पहिल्या रविवारीच."

बेरिलनं पुडकं सोडलं. कागद बाजूला केला आणि तशीच उभी राहिली. विल्फ जवळ जाऊन बघतो तर आत तीन हेरिंग होत्या.

"याला मोजता येत नाही का आता?" विल्फ म्हणाला.

"त्याला चांगलं मोजता येतं," बेरिल म्हणाली. पदर नव्हता तिला, म्हणून फडक्यानंच डोळे टिपले आणि बटाट्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवली. "सोल. जास्त घे, आमच्या हर्बीला बटाटे लागतात."